टिक आधीच होती म्हणे!

"टिक आधीच होती सर, मी नाही केली." सांगितलंस एकदा, समजलं. पुन्हा सांगू नकोस. खुर्ची ओढ, बस, आणि तो मोबाइल टेबलावर पालथा ठेव. माझं बोलणं संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

आई-वडिलांना हरिद्वारला पाठवतोयस. जाताना पुण्याहून दिल्लीपर्यंत विमान, येताना रेल्वेनं दौंड. ज्या माणसाचं आयुष्य एसटीत आणि ट्रॅक्टरवर गेलं त्याला एकदा विमानात बसवावं असं मुलाला वाटलं, याचं कौतुक मी करीन, पण आज नाही. आज माझ्यासमोर हे बिल आहे. भाडं, कर, सुविधा शुल्क, आणि त्याखाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात ‘प्रवास विमा’, माणशी 199 रुपये. दोघांचे 398. तुझी ती टिक याचीच. आणि हे तुला कधी कळलं? पैसे गेल्यावर. तेही तुझ्या बायकोनं बोट ठेवून दाखवलं तेव्हा!

रांजणगावला कंपनीत तू क्वालिटीला आहेस ना? एखाद्या पार्टच्या चेकशीटवर दुसऱ्यानं आधीच टिका मारून ठेवल्या आणि "खाली सही कर" म्हणाला, तर करशील? सुपरवायझरच्या नावानं बोंब मारशील की माप घेतल्याशिवाय टिक पडलीच कशी. मग तिथली अक्कल गेटवर पंच करून ठेवून येतोस का घरी?

तुझ्या वडिलांना कांद्याची पट्टी वाचताना मी पाहिलंय. आडत्यानं कागद हातात दिला की आधी चष्मा, मग वजन, मग भाव, मग खालची कपात. हमाली किती, तोलाई किती, वाराई कशाची, मोटारभाडं ठरलं तेवढंच का. पाच रुपये जास्त लागलेले दिसले तर जागचे हलत नाहीत, मागे रांग लागली तरी. 2023 च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याच्या 512 किलो कांद्याचे सगळी कपात होऊन 2 रुपये हातात आले होते, आठवतंय? देशभर गाजलं ते. का गाजलं? पट्टीवर प्रत्येक कपात ओळीनं लिहिलेली होती आणि त्या माणसानं ती वाचली, लोकांना दाखवली. चौथीपर्यंत शिकलेला तुझा बाप कागद वाचतो आणि डिप्लोमा झालेला तू अंगठा सरकवत जातोस. ‘पुढे’, ‘पुढे’, ‘पुढे’, पिन टाक, झालं!

आता कायदा काय म्हणतो ते ऐक. चूक कंपनीची आहे, तुझी नाही, हे मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर बाहेर जाऊन म्हणशील सर कंपनीची बाजू घेतात.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 ला ‘डार्क पॅटर्न’ रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. ऑनलाइन विक्रीत गिऱ्हाइकाला फसवून, गोंधळवून किंवा लाजवून पैसे काढायच्या 13 तऱ्हा त्यात नाव घेऊन मांडल्या आहेत. त्यातली एक ‘बास्केट स्नीकिंग’. म्हणजे तू जे निवडलंस त्याखेरीज काहीतरी तुझ्या संमतीशिवाय बिलात घुसवायचं आणि एकूण रक्कम फुगवायची. आणि त्याखाली उदाहरणं कोणती दिली आहेत? आधीच टिक मारलेल्या चौकटीतून जादा सेवा गळ्यात घालणं हे एक. विमानाचं तिकीट काढताना प्रवास विमा आपोआप जोडणं हे दुसरं. तुझी तक्रार सरकारनं तुझ्याआधीच लिहून ठेवली आहे रे! तू ती वाचली नाहीस एवढंच.

आणखी ऐक. तू म्हणालास, चौकट काढायला गेलो होतो तर ‘मी असुरक्षित राहायला तयार आहे’ असं काहीतरी आलं, म्हणून घाबरलो आणि राहू दिलं. म्हणजे टिक तुला दिसली होती तर! मघापासून ‘माहीतच नव्हतं’ चाललं होतं ना? असू दे. ते वाक्यसुद्धा त्याच यादीत आहे, ‘कन्फर्म शेमिंग’ या नावाखाली. विमान तिकिटाच्या मंचानं विमा न घेणाऱ्याला ‘मी असुरक्षित राहीन’ म्हणायला लावणं, हे उदाहरण तिथं जवळजवळ याच शब्दांत छापलंय. तेरा प्रकारांपैकी दोन प्रकारांना सरकारला विमानाच्या विम्याचाच दाखला सुचला, यावरून हा धंदा किती बोकाळला होता ते समज. विमा नियामक तर 2019 पासूनच सांगतोय की पोर्टलवर प्रवास विम्याची निवड आधीच करून ठेवायची नाही, ती प्रवाशानं स्वतः करायची. आणि जून 2025 मध्ये प्राधिकरणानं सगळ्या ई-कॉमर्स कंपन्यांना बजावलं की तीन महिन्यांत आपापली ॲप स्वतः तपासा आणि असले प्रकार काढून टाका.

हे काही आपल्याकडचंच खूळ नाही. युरोपात रायनएअर नावाची स्वस्त विमान कंपनी आहे. तिनं एके काळी काय केलं होतं, तर विमा नको असेल तर ते सांगायची जागा देशांच्या यादीत लपवली होती. तू कुठल्या देशात राहतोस ते निवड म्हणायचं, आणि त्या लांबलचक यादीत लाटव्हिया आणि लिथुआनियाच्या मध्ये ‘विमा नको’! शोध बाबा. इटलीच्या नियामकानं 2014 मध्ये विमा विकण्याच्या पद्धतीवरून या कंपनीला दंड केला. त्याआधी, 19 जुलै 2012 ला, युरोपीय न्यायालयानं ईबुकर्स या तिकीट विकणाऱ्या जर्मन कंपनीच्या प्रकरणात सांगून टाकलं की विमा आधीच निवडून ठेवायचा नाही, गिऱ्हाइकानं स्वतः हो म्हटलं तरच तो द्यायचा. कंपनीचा बचाव काय होता माहितीय? ‘विमा आमचा नाही, दुसऱ्या कंपनीचा आहे, आम्ही फक्त तिकीट विकतो.’ न्यायालयानं तो मानला नाही. तुला परवा चॅटवर काय उत्तर आलं, वाच बघू. ‘कृपया विमा कंपनीशी संपर्क साधा.’ 2012 मध्ये लक्झेंबर्गच्या त्या न्यायालयात पडलेला बचाव आज शिरूरच्या पोराला ऐकवतात आणि पोरगं "बरं" म्हणून गप्प बसतं!

कायदा इतका तुझ्या बाजूनं असताना मी तुला का झापतोय, असं तुझ्या तोंडावर दिसतंय. सांगतो.

पैसे भरायच्या आधीच्या पानाचा फोटो तुझ्याकडे नाही. ती टिक आधीपासून होती याचा पुरावा काय? तुझा शब्द. लग्नातल्या पनीरचा फोटो काढतोस, नवऱ्या मुलाच्या बुटाचा काढतोस, आणि हजारो रुपये जातात त्या पानाचा नाही. मग विम्याचं पत्र ई-मेलवर आलं, ते तू उघडलं नाहीस. मघाशी मी उघडायला लावलं तेव्हा कुठे विमा कंपनीचं नाव कळलं. त्यात पॉलिसी क्रमांक आहे, संरक्षण कधीपासून सुरू ती तारीख आहे, वारसाचा रकाना कोरा आहे. समज, देव न करो, काही बरंवाईट झालं असतं, तर तुझ्या घरात कोणाला माहीत होतं की असा विमा आहे? पैसेही गेले आणि विमाही गेला, असा तो व्यवहार झाला असता.

पण हे सगळं मी एक वेळ पोटात घातलं असतं. माझं डोकं फिरलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. ‘रिफंड कस्टमर केअर’ असं शोधून जो पहिला नंबर दिसला त्याला तू फोन लावलास! कंपनीच्या ॲपमध्ये नंबर असतो, पॉलिसीवर असतो, तो सोडून. तिकडून गोड आवाजात माणूस म्हणाला, एक छोटं ॲप टाका म्हणजे मला तुमची स्क्रीन दिसेल, मग खातं पडताळायला पाच रुपये पाठवा, पिन टाका, लगेच पूर्ण रक्कम जमा. आणि तू ते ॲप उतरवायला लागलास. 398 रुपयांसाठी खातं उघडं करून द्यायला निघालास! सूनबाईनं फोन हिसकावला म्हणून आज इथं बसून माझ्या शिव्या खातोयस, नाहीतर सायबर पोलिसांपुढे बसला असतास. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो द्यायला. दहावीच्या पोराला कळतं हे. आणि चुकून पैसे गेलेच कधी, तर लाजत घरी बसायचं नाही, त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीचा 1930 लावायचा. तो नंबर पाठ कर, घरात सगळ्यांना सांग.

व्हॉट्सॲपवरून दुसरं एक ज्ञान आणलंस, "कुठलाही विमा 30 दिवसांत परत करता येतो सर." नाही येत. ती मुदत आयुर्विमा आणि आरोग्य विमा यांच्यासाठी आहे, वर्षाच्या किंवा त्याहून मोठ्या पॉलिसीला. तुझी पॉलिसी एका प्रवासाची. तिच्यासाठी नियम वेगळा, आणि तोही वाईट नाही. 2024 पासून विमा नियामकाच्या सूचनेप्रमाणे ग्राहकाला अशी सर्वसाधारण विम्याची पॉलिसी कारण न सांगता रद्द करता येते. दावा केलेला नसेल तर उरलेल्या काळाचा हप्ता त्या प्रमाणात परत मिळतो. ‘उरलेला काळ’ हे शब्द ध्यानात घे. विमान अजून सुटलेलं नाही, म्हणजे काळ सगळाच उरलाय. एकदा का म्हातारा-म्हातारी दिल्लीला उतरली, की कंपनी म्हणणार, संरक्षण वापरलंत, आता पैसे कसले? म्हणून अर्ज आज. पुढच्या सुट्टीच्या दिवशी नाही, आज. वरातीमागून घोडं नाचवायची सवय तुला शाळेपासून आहे.

आणि विमा वाईट असतो असंही डोक्यात घेऊन जाऊ नकोस, त्यात तर तुझा आणखी मोठा गाढवपणा उघड होतो. परतीचं रेल्वे तिकीट तू रेल्वेच्या साइटवरून काढलंस. तिथं विमा विचारतात, माणशी 45 पैसे. 2016 मध्ये ती योजना सुरू झाली तेव्हा 92 पैसे होते, आता त्याहून कमी. अपघातात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 10 लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर साडेसात लाख, दवाखान्यासाठी 2 लाखांपर्यंत. तिथं तू बाणेदारपणे ‘नको’ केलंस! म्हणजे नीट विचारलेले 45 पैसे नाकारले आणि न विचारलेले 199 देऊन बसलास. विमानाच्या विम्यात सामान हरवणं, उशीर होणं असलं आणखी काही असतं, मान्य. पण तुलना करायला आधी दोन्ही वाचावे लागतात. रेल्वेचा विमा घेतलास तर नंतर मेलवर आलेल्या लिंकवर जाऊन वारसाचं नाव भरायचं असतं, तिकीट रद्द केलं तरी ते पैसे परत येत नाहीत, हेही तुला ठाऊक नसणार.

"एसटी पण विचारत नाही सर," असं पुटपुटलास ना आत्ता? ऐकू आलं मला. बरोबर आहे. 2016 पासून एसटीच्या तिकिटामागे एक रुपया अपघात सहायता निधीचा घेतात. शिरूर डेपोतून न्हावऱ्याला जा नाहीतर नगरला जा. पण तो भाड्याचाच जाहीर भाग आहे, कंडक्टरपासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना माहीत असलेला, आणि त्या निधीतून अपघातग्रस्तांच्या वारसांना 10 लाखांपर्यंत मदत मिळते. तो ऐच्छिक माल नाही, कोणी तुझी नजर चुकवून टोपलीत टाकलेला. फाटे फोडून उत्तर चुकवायची खोड अजून गेली नाही तुझी.

तसंच, बिलातलं सगळंच परत मागायला जाऊ नकोस. सुविधा शुल्क आधी दाखवलेलं होतं, ते द्यावंच लागतं. कर द्यावाच लागतो. मागायचं ते फक्त विम्याचं. जास्त मागितलंस की खरी मागणीही कच्ची पडते.

आणि ते, "जाऊ दे सर, चारशे रुपयांसाठी कुठं भांडत बसायचं?" हे वाक्य दारातून आत येताना म्हणालास, मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. कुठं भांडायचं? इथंच. ही रक्कम चारशेच्या आसपास का ठेवतात, चार हजार का नाही? चार हजारांना माणूस उठतो. चारशेला ‘जाऊ दे’ म्हणतो. तो ‘जाऊ दे’ हाच त्यांचा नफा आहे, आणि तो तुझ्यासारखे शिकलेले लोक पुरवतात. ज्या पुणे जिल्ह्यात तू राहतोस, तिथंच 1974 मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली. तेव्हा ग्राहकांसाठीचा कायदाही नव्हता, तो आला 1986 ला. कायदा नसताना लोक जमले आणि दुकानदाराला जाब विचारायला शिकले. आज 2019 चा नवा कायदा आहे, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, घरबसल्या ई-जागृती पोर्टलवर अर्ज होतो, आणि तुझं म्हणणं ‘कुठं भांडत बसायचं’!

ते असो. पेन काढ. मोबाइलवर नाही, आधी कागदावर लिही, तुझं वाक्य कुठं घसरतं ते मला दिसलं पाहिजे.

प्रति, दोन नावं. तिकीट विकणारी कंपनी आणि विमा कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. दोघांना एकच ई-मेल, म्हणजे एकानं दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय राहत नाही. विषयात बुकिंग क्रमांक आणि पॉलिसी क्रमांक. पहिल्या ओळीत तारीख आणि काय काढलं ते. दुसऱ्या ओळीत, विमा मी मागितला नव्हता, चौकट आधीच निवडलेली होती. तिसऱ्या ओळीत, हा 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ‘बास्केट स्नीकिंग’चा प्रकार आहे. चौथी, प्रवास सुरू झालेला नाही, दावा केलेला नाही, पॉलिसी रद्द करून 398 रुपये ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करावेत. पाचवी, तिकीट मात्र कायम ठेवावं. ही पाचवी विसरलास तर तेच लोक तिकीटही रद्द करून तुझ्या नावावर खपवतील. बिल आणि पॉलिसी जोड. "अत्यंत खेदाने कळवावेसे वाटते की" असली शेपटं लावायची नाहीत. आणि खोटं एक अक्षर नको. टिक तुला दिसली होती आणि त्या वाक्याला घाबरून तू ती ठेवलीस, तर तसंच लिही. खऱ्यानं तुझी बाजू लंगडी पडत नाही, उलट ‘कन्फर्म शेमिंग’चं दुसरं कलम लागतं.

दोन-चार दिवसांत हालचाल दिसली नाही तर 1915, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. विमा कंपनी टोलवायला लागली तर नियामकाचं बिमा भरोसा पोर्टल. महिनाभर उत्तरच आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे आणि तिथं पैसा लागत नाही. प्रत्येक ठिकाणी मिळालेला तक्रार क्रमांक वहीत लिहायचा. वहीत म्हणजे वहीत, स्क्रीनशॉटच्या उकिरड्यात नाही. बँकेत मात्र ‘माझी फसवणूक झाली’ म्हणून धावत जाऊ नकोस. पिन तूच टाकलास, ते तुला दारातूनच परत पाठवतील.

हं, लिही. मी बघतो.

आणि त्या परतीच्या तिकिटावर उतरायचं स्टेशन कुठलं आहे, ‘दौंड’ की ‘दौंड कॉर्ड लाइन’? बघ, हेही वाचलं नाहीस! मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीला दौंड जंक्शनात इंजिनाचं तोंड फिरवावं लागायचं, ते टाळायला ही बाहेरची लाइन टाकली. आता कित्येक गाड्या तिकडूनच जातात, जंक्शनात शिरत नाहीत. तू गाडी घेऊन जंक्शनाच्या दारात उभा राहशील आणि म्हातारी माणसं सामान घेऊन दुसऱ्याच फलाटावर तुझी वाट बघतील. अर्ज झाला की आधी ते तिकीट उघड, आणि वडिलांना फोन करून स्टेशनाचं पूर्ण नाव सांग.